राउटर ग्राहकाच्या मालकीचाच हवा

घरी फायबरचे ब्रॉडबँड घ्यायचे ठरले की उपकरणांची काळजी ग्राहकाने करायची नाही, ती कंपनी करील, हे मत आता इतके रुळले आहे की त्यावर कुणी वाददेखील घालत नाही. कंपनीचा माणूस येतो, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून बारीक काळी वायर आत घेतो, दाराजवळच्या भिंतीवर एक पांढरा डबा ठोकतो, वायफायचे नाव आणि पासवर्ड सांगतो आणि तासाभरात निघून जातो. डबा फुकट, बसवणे फुकट, बिघडला तर बदलून देणेही फुकट. मग स्वतःचा राउटर विकत घेण्याचा खटाटोप कशाला, असे कंपन्यांचे विक्रेते विचारतात आणि समजूतदार माणसेही त्याला मान डोलावतात. या मताला माझा विरोध आहे. रस्त्यावरून येणारी प्रकाशाची तार आणि तिच्या टोकाचे यंत्र कंपनीचे असावे, हे मला मान्य आहे. मात्र त्या यंत्रापासून पुढे, घराच्या आत, जे जाळे पसरते ते घरातल्या माणसांचे आहे. ते चालवणारा राउटर निवडण्याचा, विकत घेण्याचा आणि आपल्या हाती ठेवण्याचा हक्क ग्राहकाला नियमानेच मिळाला पाहिजे. आज तो कंपनीच्या मर्जीवर अवलंबून आहे.

आधी त्या डब्यात काय असते ते पाहू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कंपनीच्या केंद्रात ओएलटी नावाचे यंत्र असते. तिथून निघालेली एक फायबर वाटेत स्प्लिटरमधून फुटते आणि साधारण 32 किंवा 64 घरांना पोचते. आपल्याकडे प्रचलित असलेल्या जीपॉन पद्धतीत त्या एका फायबरवर घरांकडे येणारा वेग सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट आणि घरांकडून जाणारा सुमारे 1.25 गिगाबिट असतो. तो या सगळ्या घरांत वाटला जातो. येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा, जाणारा 1310 नॅनोमीटरचा, म्हणून दोन्ही दिशांना एकच काचतंतू पुरतो. घरातल्या टोकाला ओएनटी असतो. प्रकाशाचे विद्युत संकेत करायचे आणि ते साध्या लॅन पोर्टवर आणून द्यायचे, एवढेच त्याचे काम. त्यापुढचे काम राउटरचे. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला पत्ता देणे, बाहेरून नको असलेली वाहतूक अडवणे, कोणाला किती वाट द्यायची ते ठरवणे, हे तो करतो. तिसरे काम वायफायच्या रेडिओचे. ही तीन कामे एकाच प्लॅस्टिकच्या खोक्यात कोंबली की ग्राहकाला ती एकच वस्तू वाटू लागते. कंपनीच्या जाळ्याशी यातल्या फक्त पहिल्या कामाचा संबंध आहे. दुसरे आणि तिसरे काम संपूर्णपणे घराच्या आतले आहे.

कंपनीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा या पहिल्या कामाबद्दलचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एका फायबरवर बसलेल्या 32 घरांना परत बोलण्यासाठी एकच तरंगलांबी मिळते. म्हणून ओएलटी प्रत्येक ओएनटीला क्षणाच्या बारीक तुकड्यांत पाळी ठरवून देतो आणि त्या पाळीपुरताच त्याने लेझर पेटवायचा असतो. एखाद्या बिघडलेल्या किंवा भलत्याच ओएनटीने पाळी सोडून लेझर सतत चालू ठेवला तर त्या स्प्लिटरवरची बाकीची घरेही बंद पडू शकतात. शिवाय सर्वसाधारण जीपॉन ओएनटीला उणे 8 ते उणे 27 डीबीएम या पट्ट्यातला प्रकाश लागतो, त्याची नोंदणी अनुक्रमांकावरून होते, आणि एका उत्पादकाचा ओएनटी दुसऱ्याच्या ओएलटीशी नीट बोलेलच असे नाही. तेव्हा ओएनटी कंपनीने द्यावा, कंपनीने सांभाळावा, त्याला ग्राहकाने हात लावू नये, हे रास्त आहे. जर्मनी याही पुढे गेला असून तिथे ग्राहक फायबरवर स्वतःचे टोकयंत्रही लावू शकतो. इथे मी तेवढे मागत नाही. माझे म्हणणे इतकेच, की हे कारण ओएनटीच्या लॅन पोर्टपाशी संपते. पोर्टच्या अलीकडे बसलेला राउटर कितीही बिघडला तरी शेजाऱ्याची फायबर त्याने बंद पडत नाही. लेझरच्या शिस्तीचे कारण दाखवून वायफायचा पासवर्ड, डीएनएस आणि मुलांच्या वेळेचे निर्बंध कंपनीच्या कुलपात ठेवणे, हा एका खोलीच्या भाड्यात अख्खे घर बळकावण्याचा प्रकार आहे.

ही सीमा आखणे अवघड आहे असेही म्हणता येत नाही, कारण विजेच्या बाबतीत ती आपण केव्हाच आखली आहे. महावितरणची तार मीटरपर्यंत येते. मीटरनंतरचे वायरिंग, बटणे, पंखे, गीझर घरमालकाचे. कोणत्या कंपनीचा पंखा लावायचा हे महावितरण ठरवत नाही आणि पंख्याला रेग्युलेटर असावा की नसावा याचा निर्णय स्वतःकडे ठेवत नाही. इतकेच काय, 2003च्या विद्युत अधिनियमातल्या कलम 55 प्रमाणे ग्राहकाला मीटरसुद्धा स्वतः विकत घेण्याचा पर्याय आहे. विजेत हलगर्जीपणा झाला तर माणूस मरतो. तरीही तिथे घराच्या आतला अधिकार घराचाच राहिला, सुरक्षिततेसाठी मानके ठरली आणि परवानाधारक वायरमन आला. राउटरसाठी यापेक्षा कडक व्यवस्था का लागावी, याचे उत्तर कुणीही दिलेले नाही.

आणि हा हक्क आपल्याला नवा नाही. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा मोडेम ग्राहकाने आणायचा असे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून मोडेम घ्यायचा, संगणकाला आणि टेलिफोनच्या वायरीला जोडायचा, निगमने दिलेले नाव आणि पासवर्ड टाकायचे, की जोडणी सुरू. 2004च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला 256 किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले आणि 2005 मध्ये बीएसएनएलची डेटावन आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची सेवा सुरू झाली. तेव्हा बीएसएनएलचा मोडेम दरमहा भाड्याने घेता येई, किंवा बाजारातून एडीएसएल मोडेम आणून लावता येई. अडाणी समजल्या गेलेल्या त्या ग्राहकाने तालुक्याच्या गावीसुद्धा मोडेममध्ये युजरनेम भरून जोडणी चालवून दाखवली. फायबर आली आणि हा पर्याय आक्रसला. कोणत्या कायद्याने तो काढून घेतला नाही, संसदेत त्यावर चर्चा झाली नाही, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, तसा आदेश काढला नाही. तीन कामे एका खोक्यात आली आणि खोके कंपनीचे होते, एवढ्यावर ग्राहकाचा वीस वर्षांचा अधिकार गेला. ज्या बदलाचा निर्णयच कुणी घेतला नाही, त्याला आज तांत्रिक अपरिहार्यता म्हणून आपल्यापुढे ठेवले जात आहे.

हाच वाद अमेरिकेत टेलिफोनवरून झाला होता आणि तो कसा मिटला हे पाहण्यासारखे आहे. तिथल्या एटी अँड टी कंपनीचा नियम असा, की आमच्या फोनला आमच्याखेरीज कुणाचेही काही जोडायचे नाही. बोलणे शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून फोनच्या तोंडाशी बसवायचा हश-अ-फोन नावाचा एक साधा पेला होता. त्यात विजेचा संबंधही नव्हता. तोही कंपनीने निषिद्ध ठरवला आणि 1956 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निर्बंध चुकीचा ठरवला. पुढे टेक्ससच्या थॉमस कार्टरने दुहेरी रेडिओ टेलिफोनला जोडणारे कार्टरफोन हे उपकरण विकायला काढले. जाळे बिघडेल, दर्जा घसरेल, जबाबदारी कुणाची, हे आज राउटरबद्दल ऐकू येणारे सगळे आक्षेप तेव्हा कंपनीने घेतले. 1968 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने निर्णय दिला, की जाळ्याला अपाय न करणारे उपकरण जोडण्यापासून ग्राहकाला अडवता येणार नाही. त्यानंतर आयोगाने उपकरणांच्या नोंदणीची तांत्रिक मानके ठरवली. जाळे कोसळले नाही. उलट उत्तरयंत्रे, फॅक्स आणि घरगुती मोडेम यांचा बाजार त्या निर्णयामुळे फोफावला. आपण ज्या इंटरनेटच्या हक्काबद्दल बोलतो आहोत ते घराघरांत पोचले तेच मुळी ग्राहकाने स्वतः विकत आणून टेलिफोनला जोडलेल्या मोडेमवरून. युरोपीय संघाने 2015च्या नियमनात आपल्या पसंतीचे टोकयंत्र वापरण्याचा हक्क ग्राहकाला स्पष्ट शब्दांत दिला, आणि 1 ऑगस्ट 2016 पासून जर्मनीत कंपनीने राउटरची सक्ती करणे कायद्याने बंद झाले.

आता फुकटाकडे वळू. कंपनी धर्मादाय संस्था नाही; डब्याची किंमत ती मासिक दरात, सहा किंवा बारा महिन्यांच्या आगाऊ भरण्यात, अनामत रकमेत किंवा बसवण्याच्या शुल्कात वसूल करते. यात गैर काही नाही. गैर हे आहे, की ती किंमत ग्राहकाला वेगळी दिसत नाही आणि ज्याला डबा नको त्याचे बिल एका रुपयानेही कमी होत नाही. घरी चांगला राउटर असलेला माणूसही त्या दुसऱ्या डब्याचे पैसे भरत राहतो. दोन बँडचा, गिगाबिट पोर्टचा ठीकसा राउटर आज साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि चार-पाच वर्षे सहज चालतो. फुकटाची खरी किंमत मात्र रुपयांत मोजता येत नाही. ती कंपनी बदलताना कळते. पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत लाखो कुटुंबे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतात. घर बदलले की नव्या इमारतीत जुनी कंपनी असेलच असे नाही, आणि कित्येक सोसायट्यांत तर एकाच कंपनीला आत शिरू दिलेले असते. नवी कंपनी म्हणजे नवा डबा, नवे नाव, नवा पासवर्ड, आणि मग टीव्ही, प्रिंटर, दाराचा कॅमेरा, आजीचा फोन, सगळे एकेक करून पुन्हा जोडणे. राउटर स्वतःचा असेल तर नव्या ओएनटीमधून निघालेली एक लॅन वायर त्यात खोचली, गरज पडली तर नवे युजरनेम भरले, की घरातली सगळी उपकरणे जुन्याच नावाने बोलू लागतात. मोबाईल क्रमांक टिकवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर झाली आणि ग्राहकाचे बळ वाढले, हे आपण अनुभवले आहे. घरच्या ब्रॉडबँडमध्ये तशी मोकळीक देणारी वस्तू म्हणजे स्वतःचा राउटर. कंपन्यांना तो नकोसा का वाटतो, याचे मोठे कारण हेच आहे.

डबा घराला पुरतो, हे म्हणणे तर मोजून तपासता येते. वायफाय दोन मुख्य पट्ट्यांत चालते. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून बऱ्यापैकी पलीकडे जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. चाळीस घरांच्या इमारतीत ते तीन चॅनेल चाळीस राउटरांत वाटले गेले की उरते ते कुजबुजण्यापुरते. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, वेग भरपूर, पण काँक्रीटची एक भिंत लागली की त्याचा दम जातो. अशा वेळी राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर असायला हवा. प्रत्यक्षात तो दाराशी असतो, कारण वायर तिथून आत येते, आणि बसवणाऱ्याला दिवसाकाठी ठरावीक जोडण्या पुऱ्या करायच्या असतात. चप्पलांच्या कपाटावर, टीव्हीच्या मागे, कधी लोखंडी शोकेसच्या आत. दोन खोल्यांच्या चाळीतल्या घरात त्याने बिघडत नाही, हे मान्य. तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये किंवा कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात मात्र मागच्या खोलीत बसून परीक्षा देणाऱ्या मुलीला 300 मेगाबिटच्या पैशांत 10 मेगाबिट मिळतात. कंपनीकडे तक्रार केली की तंत्रज्ञ डब्याशेजारी उभा राहून वेग मोजतो आणि आकडा बरोबर आहे म्हणून तक्रार बंद होते. काही जागी याहून साधी गोष्ट आडवी येते. डब्याचा लॅन पोर्टच 100 मेगाबिटचा असतो, किंवा वायरीतल्या चारऐवजी दोनच जोड्या बसवलेल्या असतात, आणि तारेने जोडलेला संगणक 100च्या वर जाऊच शकत नाही. यावर उपाय माहीत आहेत आणि महागही नाहीत. ओएनटी दारापाशी राहू द्यावा, तिथून घराच्या मध्यापर्यंत कॅट-5ई किंवा कॅट-6 वायर न्यावी, राउटर तिथे ठेवावा, मोठ्या घरात दुसरा ॲक्सेस पॉइंट तारेनेच जोडावा. कॅट-5ईवर शंभर मीटरपर्यंत गिगाबिट जाते. कुठल्याही फ्लॅटला ते पुरून उरते. पण ओएनटी, राउटर आणि रेडिओ एकाच खोक्यात कैद असतील आणि त्या खोक्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे त्यातला राउटर बंद ठेवून नुसत्या ओएनटीसारखे चालवण्याच्या अवस्थेत, टाकायला कंपनी नकार देत असेल, तर दुसरा राउटर पहिल्याच्या पोटात बसतो. पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते, ऑफिसचे व्हीपीएन किंवा घरच्या कॅमेऱ्याकडे बाहेरून येणारी वाट अडखळते, आणि दोष नव्या राउटरच्या माथी मारला जातो.

विरोधी बाजू यावर सुरक्षिततेचा मुद्दा काढते. कंपनीचा डबा दुरून अद्ययावत होतो, सामान्य माणूस राउटरचे फर्मवेअर कधी बदलणार, असे ती विचारते. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याचा पुरावाही नीट पाहिला पाहिजे. दुरून नियंत्रणासाठी कंपन्या टीआर-069 नावाची पद्धत वापरतात. नोव्हेंबर 2016 मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमच्या एका नव्या अवताराने याच दूरनियंत्रणासाठी उघडा ठेवलेला दरवाजा ठोठावला आणि जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली. कंपनीने दिलेल्या ठरावीक मॉडेलचे राउटर एकाच वेळी आडवे झाले. त्याच जाळ्यावर वेगळा राउटर वापरणारे ग्राहक वाचले. लाखो घरांत एकच डबा, एकच फर्मवेअर आणि एकच मागचा दरवाजा असला की एक चूक लाखपट होते. आपल्याकडे जुलै 2017 मध्ये बीएसएनएलचे हजारो ग्राहक अशाच हल्ल्याने बंद पडले आणि ग्राहकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला नव्हता, असे सांगण्यात आले. प्रत्येक मोडेमवर तोच पासवर्ड ठेवला कुणी? तो बनवणाऱ्याने ठेवला आणि बसवणाऱ्याने तसाच सोडला. ब्रिटनने हे ओळखून 29 एप्रिल 2024 पासून सरसकट एकच फॅक्टरी पासवर्ड ठेवायला बंदी केली आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील हे ग्राहकाला सांगणे उत्पादकाला बंधनकारक केले. सुरक्षिततेचा योग्य रस्ता हा आहे. यात ग्राहकाचा हक्क जात नाही. आणि दूरनियंत्रणाची दुसरी बाजूही आहे. राउटरच्या आत ज्याला डोकावता येते त्याला घरात किती फोन आहेत, कोणते यंत्र कधी जागे होते, घर कोणत्या आठवड्यात रिकामे होते, हे सगळे दिसू शकते. कंपनी ते पाहतेच असा माझा आरोप नाही. पण 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या देशात घराच्या आतल्या जाळ्याची किल्ली ग्राहकाने न मागता दुसऱ्याच्या खिशात राहणे मला पटत नाही.

राष्ट्रीय सुरक्षेचा आक्षेप वेगळा आणि अधिक गंभीर आहे. 15 जून 2021 पासून परवानाधारक कंपन्यांनी आपल्या जाळ्यात नवी उपकरणे जोडताना ती विश्वासार्ह स्रोतांकडूनच आलेली असावीत, असा केंद्राचा निर्देश आहे. त्याचा हेतू योग्यच आहे. मात्र कंपनीचे जाळे ओएनटीपाशी संपते ही सीमा एकदा नियमात लिहिली, की ग्राहकाचा राउटर हे त्याच्या लॅपटॉपसारखे किंवा फोनसारखे घरातले उपकरण ठरते. फोन आपण बाजारातून निवडतोच, आणि तोही कंपनीच्याच जाळ्याला जोडतो. बाजारातल्या राउटरांचा दर्जा सरकारच्या नजरेबाहेर आहे असेही नाही. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची सक्तीची चाचणी आणि प्रमाणपत्र व्यवस्था 2017च्या नियमांनी आली, 2019 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि वायफायची उपकरणे तिच्या कक्षेत आहेत. प्रमाणपत्र नसलेला स्वस्त माल विकला जात असेल तर तो विकणाऱ्याला पकडावे.

सामान्य ग्राहकाला हे झेपणार नाही, हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो आणि सर्वांत कमी टिकतो. हक्क म्हणजे सक्ती नव्हे. ज्याला कंपनीचा डबा हवा त्याने तो खुशाल घ्यावा. बहुतेक जण घेतीलही. ज्याला नको त्याला नाकारू नये, एवढीच मागणी आहे. ज्याला स्वतःला जमत नाही त्याच्यासाठी गल्लीतला संगणक दुरुस्तीवाला आहे, नात्यातला एखादा मुलगा आहे, आणि राउटर ग्राहकाच्या हाती आला तर हे काम करून पोट भरणारे नवे कारागीरही तयार होतील. तक्रार आली तर जबाबदारी कुणाची, या प्रश्नाचे उत्तर तर वेगळ्या राउटरने सोपे होते. ओएनटीवरचा एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटली आहे आणि काम कंपनीचे. लाल दिवा नाही, पण ओएनटीला थेट तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरही वेग येत नाही, तरीही काम कंपनीचेच. तिथे वेग येतो आणि खोलीत येत नाही, तर काम घराचे. आज एकाच खोक्यामुळे ही रेघ पुसली गेली आहे आणि पुसलेल्या रेघेचा फायदा नेहमी बलवान बाजूला मिळतो. लँडलाइन आणि टीव्ही त्याच डब्यातून येतात, हेही कारण दिले जाते. बहुतेक ओएनटींमध्ये इंटरनेट ब्रिज करून टेलिफोनचा पोर्ट जसाच्या तसा चालू ठेवता येतो. नकार तंत्रज्ञानाचा नसतो, धोरणाचा असतो. बीएसएनएलच्या फायबरवर ग्राहकाला पीपीपीओई युजरनेम मिळते आणि ब्रिज केलेल्या ओएनटीमागे स्वतःचा राउटर चालतो. सरकारी कंपनीला जे जमते ते खासगी कंपन्यांनाही जमले पाहिजे.

ट्रायला या विषयात पडण्याचा अधिकार नाही असे म्हणायलाही जागा नाही. सेट-टॉप बॉक्स एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीवर चालत नाही आणि ग्राहकाने कंपनी बदलली की चांगले खोके अडगळीत जाते, हे पाहून ट्रायने एप्रिल 2020 मध्ये सेट-टॉप बॉक्सच्या आंतरपरिवर्तनीयतेची शिफारस केली होती. टीव्हीच्या खोक्याबद्दल जे तत्त्व नियामकाला पटले ते ब्रॉडबँडच्या खोक्याला अधिकच लागू पडते, कारण टीव्ही बंद पडला तर करमणूक थांबते, ब्रॉडबँड बंद पडले तर अनेक घरांत नोकरी थांबते. ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियमही ट्रायने काढले. त्याच कामाचा पुढचा भाग म्हणून कंपन्यांना चार ओळींचा आदेश देता येईल. ओएनटीच्या लॅन पोर्टला जाळ्याची सीमा मानावे. ग्राहकाने मागितल्यास ब्रिज मोड विनाशुल्क आणि ठरलेल्या दिवसांत द्यावा, जोडणीला लागणारे युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक लेखी द्यावेत. राउटरची किंमत बिलात वेगळी दाखवावी आणि तो न घेणाऱ्याला तेवढी सूट द्यावी. कंपनीच्या डब्यात ग्राहकाला दूरनियंत्रण बंद करता यावे. यात कुणाचा परवाना जात नाही, कुणाची गुंतवणूक बुडत नाही.

नियम येईपर्यंत वाचकाच्या हातात काही गोष्टी आहेत. नवी जोडणी घेताना पैसे भरण्याआधी विचारा: ओएनटी वेगळा मिळेल का, नसेल तर ब्रिज मोड मिळेल का, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. भोक पाडायच्या आधी वायर कुठून आत येणार आणि लॅनची वायर कुठवर जाणार हे ठरवा. नव्या फ्लॅटचे वायरिंग चालू असेल तर दारापासून हॉलच्या मध्यापर्यंत आणि प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या. प्लास्टर झाल्यावर तोच खर्च कितीतरी पटीने वाढतो. वीज जाणाऱ्या गावात ओएनटी आणि राउटर या दोघांनाही बॅकअप लागतो, एकाला देऊन भागत नाही. ब्रिज मोड नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात आणि मग तिच्या अपील प्राधिकरणाकडे तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. ट्राय सल्लापत्रिका काढते तेव्हा कंपन्यांची उत्तरे पानेच्या पाने असतात आणि ग्राहकांची मोजकीच. अशी उत्तरे कुणीही पाठवू शकतो, साध्या ईमेलने आणि कुठल्याही शुल्काविना.